तिसऱ्या मजल्यावरची सही

वानखेडेदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी साइटवर होते. एका नव्या शोरूमच्या छतातल्या, आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरच्या पाइपांत पाणी भरून दाब चढवला होता आणि तो दोन तास टिकतो का, ते बघत मी मीटरसमोर उभी होते. फोन लखनचा, आमच्या जुन्या फिटरचा. "मॅडम, दादा नहीं रहे. सुबह, महू में, घर पे ही." फोन ठेवला आणि... उरलेली पन्नास मिनिटं तिथेच उभी राहिले. काटा हलला नाही, तसं वहीत लिहिलं आणि मगच महूला निघाले. असं का केलंस, म्हणून घरी विचारलं, तर सांगता येईना. आज पाच आठवडे झाले, अजून येत नाही.

अशोक वानखेडे शहराजवळच्या महू छावणीतले. वडील फौजेतून निवृत्त झालेले, त्यामुळे घरात शिस्त कडक. दादा आयटीआय करून पाइप फिटर म्हणून कंपनीत लागले आणि साइटचे प्रमुख झाले. मी शहरातल्या सुदामा नगरची, डिग्री घेऊन ड्रॉइंग करायला आलेली. पहिल्याच ड्रॉइंगमध्ये मी पाइप सरळ बीममधून नेला होता. ते हसले नाहीत. मला साइटवर घेऊन गेले, बीमखाली उभं केलं आणि म्हणाले, आता इथून काढून दाखव. सिनेमात आग लागली की सगळे स्प्रिंकलर एकदम सुरू होतात, तसं नसतं, हेही त्यांनीच शिकवलं. प्रत्येकात काचेची एक छोटी कुपी असते, ती जिथे तापून फुटते तिथलंच पाणी सुटतं. "मंजिरी, ज्या दिवशी हे लागेल त्या दिवशी तू-मी तिथे नसणार," ते म्हणायचे, "म्हणून आज बघून घ्यायचं."

सहा वर्षांपूर्वी एका कोचिंग क्लासच्या इमारतीचं काम आमच्याकडे होतं. उद्घाटन चार दिवसांवर. घाईत पाइपांखालच्या छताच्या टाइल्स आधीच बसवून टाकलेल्या. चौदा किलो दाब चढवला, तो दोन तासांत साडेतेरावर आला. आमचे साहेब म्हणाले, मीटरच जुना आहे, इतकं तो खातोच. दादांनी चाचणीच्या कागदावर सही करायला नकार दिला. काटा उतरला म्हणजे पाणी कुठेतरी जातंय, एवढंच ते शांतपणे सांगत राहिले. मग साहेबांनी मला बोलावलं. मला नुकतंच प्रमोशन मिळालं होतं. मी सही केली. भीतीपोटी केली असं म्हटलं तर सोपं जाईल, पण ते पूर्ण खरं नाही. दादा उगाच अडून बसलेत, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. बाहेर आले तेव्हा ते पायऱ्यांवर बसले होते. "झाली सही?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "बरं," म्हणाले आणि चहाला गेले. पुढच्या सोमवारी आले ते दुसऱ्याच साइटचं ड्रॉइंग मागत. ते रागावतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. ती तशीच राहिली.

दोन वर्षांनी त्या इमारतीत आग लागली. तिसऱ्या मजल्यावर, पॅन्ट्रीतल्या केटलीच्या वायरीमुळे. शेजारच्या वर्गात मुलं होती. वरच्या एका स्प्रिंकलरची कुपी फुटली, पाणी आलं, आग तिथल्या तिथे विझली आणि मुलं जिन्याने खाली उतरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मालकांनी कार्यक्रम ठेवून माझा सत्कार केला, कारण कागदावर सही माझी होती. दादा मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. परतताना गाडीत मी म्हटलं, दादा, तुम्ही तर लीक आहे म्हणत होता. आवाजात थोडी मिजासही होती, ती आज मला ऐकू येते. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पाणी आलं ना? मग बस."

महूला दादांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर लखन माझ्याजवळ येऊन बसला. बोलता बोलता त्याने त्या एल्बोचा विषय काढला. मला काही कळेना. मग त्याने सांगितलं. उद्घाटनाच्या आदल्या रविवारी दादा त्याला घेऊन तिथे गेले होते. एकेक टाइल काढत सकाळभर शोधलं. तिसऱ्या मजल्यावर, पॅन्ट्रीच्या दाराबाहेर, आत पाणी नेणाऱ्या पाइपाच्या वळणावरचा जोड, तो एल्बो, ओला लागला. "पाना लगाया तो हाथ में आ गई, मॅडम. पूरी चटकी हुई थी." तो तडकलेला काढून नवा बसवला, पुन्हा चौदा किलो चढवले आणि दोन तास उभे राहिले. काटा हलला नाही. निघताना दादा त्याला म्हणाले, मंजिरीला सांगू नकोस. का, ते लखनने विचारलं नव्हतं.

मी दादांच्या बायकोला, वहिनींना, याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "घरी कामाचं ते बोलतच नसत गं. तुझा सत्कार झाला, त्या दिवशी मात्र खूश होते."

खूश? मला ते कुठे बसवावं कळत नाही. त्यांनी मला सांभाळून घेतलं, की सांगण्याच्या लायकीचंच समजलं नाही? तो एल्बो तसाच राहिला असता, तर पाणी आलं असतं का? त्या मुलांचं... इथून पुढे माझा विचार जातच नाही. कधी त्यांचा राग येतो. गाडीत, त्या क्षणी, एक वाक्य बोलले असते तर चार वर्षं मी अशी आरामात जगले नसते. मग वाटतं, तेव्हा त्यांनी सांगितलं असतं तर मी मानलं तरी असतं का?

गेल्या आठवड्यात मी त्या इमारतीत गेले. चौकीदाराकडून स्टूल मागून घेतलं आणि पॅन्ट्रीच्या दाराबाहेरची टाइल उचलली. लाल पाइपावर, नव्या जोडाशेजारी, पांढऱ्या मार्करने दादांच्या अक्षरात तारीख होती. त्या रविवारची. खाली लिहिलं होतं, चौदा किलो, दोन तास, ओके. आणि तपासणाऱ्याच्या जागी नाव होतं, मंजिरी.

त्या रविवारी मी घरी होते. कागद आणि पाइप जुळावेत म्हणून त्यांनी तसं लिहिलं, की कधीतरी मी स्वतः वर चढून बघावं म्हणून... बाजूच्या वर्गात कुणी सर गणित शिकवत होते. चौकीदार खालून म्हणाला, "मिल गया, मॅडम?" मी टाइल परत बसवली. ती जराशी तिरपी बसली. पुन्हा काढली, पुन्हा बसवली.