खुर्चीवरची पांढरी साडी

आधीच सांगते, मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवणारी बाई. भूतखेत, अंगात येणं असलं कुणी बोलायला लागलं की माझं डोकं सटकतं. आमच्या घरात तर सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, धम्म घेतला तेव्हाच देवऋषी नि गंडेदोरे उंबऱ्याबाहेर काढलेले. त्यामुळे हे लिहिताना लाजच वाटतेय... तरी लिहिते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही नवराबायको बारामतीला, जळोचीत राहायचो. आबा सणसरला शेतावर एकटेच. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. उसाच्या बांधावरून आबा पडले आणि खुबा मोडला. पुण्याला ऑपरेशन करून नवी वाटी बसवली. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं — तीन महिने वाकायचं नाही, मांडी नाही, जमिनीवर तर बसायचंच नाही. वाटी निसटली तर परत ऑपरेशन, आणि यांचं हार्ट दुसऱ्यांदा भूल सोसेल असं वाटत नाही.

आबांना जळोचीला आणलं. वॉकर, कमोडची खुर्ची, सुनेच्या हातची आंघोळ... सगळं त्यांनी मुकाट सोसलं. अडलं ते वंदनेपाशी. रोज सकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढं गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावायचा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम.

"उंच खुर्चीत बसून करा की," मी म्हटलं.

"भगवंताम्होरं खुर्चीत? मी काय सायब हाय व्हय?"

"आबा, वाटी निसटंल."

"निसटू दे."

मग माझाही तोंडाचा पट्टा सुटला. नको ते बोलले. त्या दिवसापासून वंदना बंद, आणि आबा भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागले. मला आतून फार लागलं ते.

वैशाख पौर्णिमेला सकाळी नवरा कारखान्यावर ड्युटीला गेलेला. मी फरशी पुसली. लवकर वाळावी म्हणून वॉकर बाहेर ओट्यावर काढून ठेवला. आबांचा डोळा लागला होता, म्हणून बाहेरून कडी घातली नि खिरीचं पातेलं घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या विहारात गेले. अर्ध्या तासानं परतताना एकदम आठवलं... ओली फरशी, आणि वॉकर बाहेर. पातेलं सांभाळत मी अक्षरशः पळत सुटले.

कडी होती तशीच होती. आत आबा मूर्तीपुढं, उंच खुर्चीत बसलेले. मेणबत्ती पेटलेली. डोळे मिटून त्रिशरण म्हणत होते. मी निघाले तेव्हा ती खुर्ची स्वयंपाकघरात होती, आणि चांगलीच जड. सीटवर पांढऱ्या साडीची जाड घडी.

"आबा, कोण आलतं?"

"तूच की. मी भितीला धरत आलो, गुडघं टेकाय वाकलो, तर वल्यात पाय सरला. मागनं काखंत हात घालून धरलंस, खुर्चीत बसीवलंस. वर म्हणालीस, अवो, हितं बसूनबी त्योच भगवंत हाय."

"आबा... मी तुमाला 'अवो' म्हणते व्हय कधी?"

आबांनी मान वळवून मागं बघितलं. त्यांना 'अवो' म्हणणारी एकच बाई होती. मग त्यांचे डोळे भरून आले, आणि माझेही.

ती साडी आत्यांची, विहारात नेसायची. ती ट्रंकेत तळाला होती, कुलूप लावलेलं, किल्ली माझ्या कमरेला. मी ठेवली तेव्हा किनार बाहेर होती. खुर्चीवरच्या घडीत किनार आत दुमडलेली होती, आत्या घालायच्या तशी. नवरा म्हणतो, तूच काढली असशील, विसरलीस. असेल बाई. पण खुर्ची कुणी आणली? वॉकरशिवाय धड उभंही न राहता येणाऱ्या माणसानं? मी सगळ्या बाजूंनी विचार करून दमले.

पुढच्या तपासणीत एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, वाटी जागच्या जागी आहे. त्यानंतर आबा नऊ वर्षं जगले, आणि रोज खुर्चीतच वंदना केली, त्याच घडीवर बसून.

एकदा ती साडी धुवायला उचलली. सहज विचारलं, "आबा, तुमी तर असलं काय मानत न्हाय ना?"

"न्हाय. असलं कायबी नसतंय," आबा नेहमीच्या ठसक्यात म्हणाले. मग माझ्या हाताकडं बघत हळूच म्हणाले, "पर घडी मोडू नगंस."