तुरे खुडणारी आक्का

आक्का गेली, त्याच्या आदल्या दुपारी तिनं मला खाटेजवळ बोलावलं. तापानं आवाज खोल गेला होता. "शेजारच्या शिरस्तेदारांना तेवढं खरं सांग की रे. लई झालं आता." मी मान हलवली... राग मात्र होता तिथंच होता.

माझी ही थोरली बहीण सोलापुरात नवी पेठेच्या मागे दोन खोल्यांत राहायची. मिलच्या साहेबाच्या माळ्याकडून तिनं कोलियसची एक फांदी आणली, पाण्यात ठेवून मुळं फुटवली आणि चार वर्षांत अंगण भरून टाकलं. किरमिजी, पोपटी, जांभळी पानं! आमच्या उन्हात ती करपतात, म्हणून वर ओलं तरट, बुडाशी शेळीच्या लेंड्यांचं खत. फुलांचा तुरा दिसला की ती लगेच खुडायची. तुरा राहिला की झाड किडकिडीत वाढतं आणि पानांचा रंग उतरतो.

निवृत्त शिरस्तेदार एकदा "मांडवाच्या शोभेला" म्हणून तिच्या बारा कुंड्या घेऊन गेले. झाडांच्या प्रदर्शनात त्या कुंड्यांवर चिठ्ठ्या यांच्या नावाच्या! चांदीचा पेलाही यांनाच. आक्का गर्दीत उभी राहून बघत होती. त्या दिवशी ती जेवली नाही. मी ते विसरलेलो नाही.

पुढच्या वर्षी हे गृहस्थ तोंड वर करून फांद्या मागायला आले. आक्कानं दिल्या. वर म्हणाली, "तुऱ्यांना हात लावू नका हं. तुरे हायेत म्हणून तर रंग हाय." तीन वर्षं यांची झाडं ऐन प्रदर्शनात काठीसारखी उभी. आक्का पदर तोंडाला लावून हसायची, "आता घ्या म्हणावं पेला!"

तेराव्याला ते आले. डोळे पुसून झाल्यावर हळूच म्हणाले, "मास्तर, झाडांचं काही सांगून गेल्या का हो आक्का?"

"गेली की. तुरे अजिबात खुडू नका म्हणाली."

प्रदर्शन गेल्या रविवारी झालं. शिरस्तेदारांच्या झाडांपुढे कुणी थांबलंसुद्धा नाही. आक्काच्या कुंड्या मी नेल्या होत्या, प्रत्येकीवर तिचं पूर्ण नाव लिहून. मेलेल्या माणसाला बक्षीस देत नाहीत म्हणे. न देवोत. लोक वाकून नाव वाचत होते.

रोज सकाळी आता मी तिच्या पाटावर बसून तुरे खुडतो. तिनं शिरस्तेदारांना माफ केलं होतं, मी केलेलं नाही. पण निरोप पोचवायलाच हवा. तर शिरस्तेदार, तुरे खुडायचे असतात. हे तुमच्या कानात सांगता आलं असतं. मी असं छापून, साऱ्या सोलापूरदेखत सांगतोय.