शेजारीणबाईंचं बेसबॉल

कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओची नोकरी मिळाली आणि मी नागपूरहून थेट एका टेरेस हाऊसच्या, म्हणजे ओळीत चिकटून बांधलेल्या घरांपैकी एकाच्या, वरच्या मजल्यावर राहायला आले. शेजारच्या घरात ऐंशी ओलांडलेल्या एक कृष्णवर्णीय बाई एकट्याच राहायच्या. तोंडावर त्यांना नावानं हाक मारायची असा त्यांचाच आग्रह होता, पण मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणायचे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी संध्याकाळी त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला जाऊ लागले. ड्युटी म्हणून नाही, शेजारधर्म म्हणून.

त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगलाच भरलेला होता. विचारलं तर म्हणाल्या, बोलिंग. मला वाटलं क्रिकेट.

"बेसबॉल," त्या म्हणाल्या. "अमेरिकेतलं नव्हे. आमचं."

आमचं म्हणजे वेल्सचं. चेंडू हाताखालून टाकायचा, पण इतक्या जोरात की बॅट उचलेपर्यंत तो निघून गेलेला असतो. मी या शहरात वर्षभर राहूनही त्याबद्दल ऐकलं नव्हतं.

मग रोज गुडघा वाकवता वाकवता त्या थोडं थोडं सांगत गेल्या. वडील आफ्रिकेतून आलेले खलाशी, आई इथलीच. गोदीजवळच्या त्यांच्या वस्तीतल्या मुली आपसातच खेळायच्या. शहरातल्या क्लबात त्यांना कोणी बोलवत नसे. एकदा एका क्लबच्या कॅप्टननं पार्कमध्ये आजींची बोलिंग पाहिली आणि थेट त्यांच्या घरी येऊन आईकडे त्यांना मागून घेतलं. कमिटीतल्या काहींनी नाकं मुरडली. ही खेळणार नसेल तर मीही खेळणार नाही, असं कॅप्टननं सांगून टाकलं आणि विषय संपला. त्या क्लबात खेळणारी पहिली काळी मुलगी म्हणजे आजी.

पहिली बाहेरगावची मॅच त्यांनीच जिंकून दिली. मॅचनंतर हॉलमध्ये चहा होता. वाढणाऱ्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं, की हिचा चहा बाहेर पाठवते. आजी उठल्या. असं उठायची त्यांना सवय होती. पण त्यांच्या आधी कॅप्टन आपला कप घेऊन दाराबाहेर पडली आणि मागोमाग सगळी टीम. सगळ्याजणी ओल्या गवतावर बसून चहा प्यायल्या.

"तेव्हा काय वाटलं?" मी विचारलं.

"राग आला होता. आणि केक आतच राहिला होता. खरं सांगू, केकचंच जास्त वाईट वाटलं."

पुढच्या वर्षी त्याच बाहेरगावच्या क्लबनं टेबलं बाहेर हिरवळीवर मांडली, सगळ्यांसाठी. माफी कोणी मागितली नाही. आजींनी केकचे दोन तुकडे खाल्ले.

पुढे त्या वेल्सकडून खेळल्या. आईनं टीमच्या लाल शर्टाला इतक्यांदा इस्त्री केली की कॉलर चमकायला लागली. वडील तेव्हा बोटीवर होते. बातमी त्यांना फार उशिरा कळली, तरी घरी परत येईपर्यंत त्यांची ती सगळ्या बोटीला सांगून झाली होती. आजी नंतर कॅप्टन झाल्या, मग बरीच वर्षं अंपायर.

जूनमध्ये त्या काठी टेकत पार्कपर्यंत चालायला लागल्या. मी सोबत जायचे. त्यांचा जुना क्लब अजून चालू होता, पण टीमला माणसं कमी पडत होती. एका संध्याकाळी आजींनी मला न विचारताच तिथल्या मुलींना सांगितलं, की ही खेळेल.

"मला काही येत नाही हो," मी म्हणाले. मराठीतला तो 'हो' इंग्लिशमध्ये कसा आणायचा हे मला अजून जमलेलं नाही.

"पळता येतं ना? मग जा."

पहिला कॅच मी सोडला, दुसराही. बाजूच्या मुलीनं फक्त माझे हात धरून ओंजळ कशी करायची ते दाखवलं. बॅटिंगला मात्र एक चेंडू बॅटला लागला आणि मी पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावण्याच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, धावले. आजी फोल्डिंग खुर्चीवरून ओरडत होत्या, की थांबू नकोस, पुढे जा. मी गेले, आणि आउट झाले.

आता उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा माझी मॅच असते. आईला फोनवर सांगितलं तर तिनं विचारलं, की तिथे ओळखीचं कोणी असतं का. मी म्हटलं, आता सगळ्याच ओळखीच्या आहेत. आजी खुर्ची थोडी उन्हात सरकवून घेतात आणि दोन्ही टीमना शिकवत बसतात. मी अजून शेवटच्या नंबरला बॅटिंग करते, आणि तिथे मी खूश आहे.