शेजारणीचा करंज

वाळल्या गवतावर पाणी पडल्याचा वास आला की मला मोहन्याजवळची ती उघडी टेकडी आठवते. ठाकुर्लीतली माझी शेजारीण आणि मी, आम्ही तिथे पावसाळ्यात शेजारी-शेजारी करंज लावलेले. उन्हाळ्यापर्यंत तिचा करंज कमरेला आला, माझी मात्र काडीच राहिली. दर रविवारी आपापल्या झाडांसाठी पाण्याचे कॅन घेऊन चढणारे सगळे तिच्याच झाडाचं कौतुक करायचे आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा ती गावी निघाली. "अगं, माझ्या झाडालाही पाणी घालशील ना?" "हो गं, त्यात काय!" मी म्हटलं. पण त्या रविवारी, आणि पुढच्याही, मी अख्खा कॅन माझ्याच झाडाला ओतला. ती परत आली तेव्हा तिचा करंज खडखडीत वाळला होता. "ऊनच फार होतं," मी म्हणाले. तिने नखाने खोड खरवडून पाहिलं. आत हिरवं काहीच नव्हतं. मग तिने आपलं पाणी माझ्या झाडाला घातलं आणि म्हणाली, "हे तरी जगवू या." आज माझा करंज चांगली सावली देतो. ती त्याला 'आपलं झाड' म्हणते. खरं काय ते मी तिला अजून सांगितलेलं नाही, आणि इतक्या सहज 'आपलं' म्हणता येतं म्हणून तिचा हेवा वाटायचाही थांबलेला नाही.