नायकाची वाक्यं

प्रेमाबद्दल बोलायचं तर समुद्रकिनाराच हवा, असं कुणी ठरवून ठेवलंय कोण जाणे. मोबाइलवर प्रेमकथा लिहिणाऱ्या आम्हा लोकांचं दोन दिवसांचं संमेलन पेडण्याच्या केरीला, समुद्राजवळच्या एका हॉटेलात आहे, असा निरोप आला तेव्हा मी नाक मुरडलं. मी राहते डिचोली तालुक्यातल्या नार्व्यात. प्रेमकथा लिहिते स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, आणि तिथून समुद्र काही दिसत नाही.

पण चिडचिड समुद्राची नव्हती. माझी कादंबरी कित्येक महिने एका प्रश्नावर अडून बसली होती, आणि तिथे गेले की सगळे तेच विचारणार हे मला माहीत होतं.

ती का अडली हे सांगायचं तर आमची लिहिण्याची रीत सांगायला हवी. कादंबरीतल्या बाईचं बोलणं माझं आणि पुरुषाचं बोलणं आमच्या ह्यांचं. ठरवून काही झालं नव्हतं. हे खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्यावर घरी बसले, तेव्हा नारळ सोलता सोलता माझं लिहिलेलं ऐकायचे. एकदा मी नायकाच्या तोंडी काहीतरी गोडगोड घातलं, तर म्हणाले, असा कुठला घोव बायलेकडे बोलतो? मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा कसा बोलतो ते. त्यांनी सांगितलं. मी ते लिहून घेतलं, बोलीवरून जराशी इस्त्री फिरवली आणि टाकलं. माझा नायक फेरीबोटीवर कामाला होता, वाचक त्याच्यावर इतके खूश झाले की पुढे तेच चालू राहिलं. मी तिचं वाक्य मोठ्याने वाचायची, हे मान वर न करता त्याचं उत्तर द्यायचे.

इतक्या वर्षांच्या संसारात मला जे कधी म्हटलं नाही, ते ह्यांनी त्या कादंबरीतल्या बाईला म्हटलं. मला तिचा हेवा वाटायचा, आणि लाजही वाटायची की आपणच तिला जन्माला घातलं नि आपणच जळतोय. नाव मात्र हे कुठे घालू द्यायचे नाहीत. बाकीचे ड्रायव्हर हसतील म्हणायचे.

एका संध्याकाळी मी तिच्या तोंडी एक प्रश्न घातला. कथेला त्याची गरज नव्हती, मला होती. "तुला माझा कंटाळा येतो का रे कधी?" असं मी वाचलं. ह्यांनी हातातला नारळ खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "आयज नाका. फाल्यां सांगतां." मी म्हटलं, बरं, उद्या तर उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराचा हॉर्न ऐकून पाव घ्यायला उठले आणि दारातच कोसळले. अर्धांगवायू. हळूहळू उठून बसायला लागले, डावा हात चालतो, ऐकलेलं सगळं कळतं. वाचा मात्र परत आली नाही, आणि डाव्या हातात पेन दिलं तर नुसत्या रेघोट्या उमटतात. बोलायला गेले की नुसता आवाज येतो, आणि आम्ही घाईघाईने म्हणतो, राहू दे, कळलं. कळलेलं काही नसतं.

नायकाचं उत्तर मी स्वतः लिहून बघितलं, पुष्कळदा. दरवेळी माझाच आवाज ऐकू यायचा. आपणच विचारायचं आणि आपणच सांगायचं, यात कुणाचं समाधान होतं?

संमेलनाला जा म्हणून मागे लागले तेही हेच. निरोप वाचून दाखवला तर डाव्या हाताने कपाटावरची बॅग दाखवली, आणि मी हलेना म्हटल्यावर परत दाखवली. नणंद पार्स्याहून राहायला आली. काजूचे ऐन दिवस टाकून आले हे तिने मला विसरू दिलं नाही, पण भावाला चहात भिजवलेला पोईचा पाव भरवताना तिच्याइतका धीर माझ्याकडेही नाही.

केरीला पोचले आणि सुरुवातीला मजा वाटली. आम्ही सगळे एकमेकांना टोपणनावांनी ओळखणारे. प्रोफाइलवर गुलाबाचं फूल लावून विरहकथा लिहिणाऱ्या ताई म्हणजे चांगले मिशीवाले गृहस्थ निघाले, आणि ज्यांच्या कथांत पानोपानी रात्रच असते त्या बाई दुपारच्या जेवणानंतर खुर्चीतच घोरायला लागल्या. गळ्यात नावाचं कार्ड घालून पन्नाशीच्या बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या. मीही मारल्या. पण दर मिठीनंतर तोच प्रश्न: तुमचा नायक बोलायचा का थांबला हो? एकीने तर विचारलं, पुरुषाचं मन तुम्हाला इतकं कसं कळतं? मी हसून चहा आणायला गेले. ह्यांचं नाव सांगायचं नाही हे ह्यांनीच सांगितलं होतं, आणि आता ते मागे घ्यायला त्यांच्याकडे तोंड नव्हतं.

दुपारी संवादलेखनाचा वर्ग होता. शिकवायला आलेल्या बाईंनी चिठ्ठ्या काढून आमच्या जोड्या लावल्या. एकाने बाईचं वाक्य लिहायचं, दुसऱ्याने पुरुषाचं. माझ्या वाट्याला वेंगुर्ल्याचे एक निवृत्त मास्तर आले. खादीचा शर्ट, थरथरती बोटं, कमी बोलणारे. बायको जाऊन बरेच दिवस झाले होते, एवढं त्यांनी ओळख करून देताना सांगितलं. कागद माझ्यापुढे आला. दुसरं कुठलंही वाक्य लिहिता आलं असतं. मी तोच कंटाळ्याचा प्रश्न लिहिला.

मास्तरांनी वाचलं आणि फार विचार न करता खाली लिहिलं: "येतो की. पण कंटाळा आला की मी तुझ्याच शेजारी येऊन बसतो."

माझी कानशिलं तापली. वर्ग चालू होता, कुणीतरी आपला संवाद वाचून दाखवत होतं, लोक टाळ्या वाजवत होते. मी त्या ओळीवरून नजर काढू शकत नव्हते. ज्या उत्तराची मी घरात बसून वाट बघत होते ते एका परक्या माणसाने चहा पिता पिता देऊन टाकलं होतं. आणि चांगलं दिलं होतं. राग आला तो त्याचा. वाईट दिलं असतं तर मी कागद चुरगाळून मोकळी झाले असते.

संध्याकाळी मास्तर आणि मी तेरेखोलला जाणाऱ्या फेरीच्या धक्क्यावर बसलो. समोरच्या डोंगरावर दिवे लागत होते, बोट एक फेरी टाकून परत येत होती. मी त्यांना सगळं सांगितलं. एवढ्या बायकांना मिठ्या मारल्या, पण सांगितलं ते या एका माणसाला. शेवटी मास्तर म्हणाले, कादंबरी पाठवा, नायकाचं बोलणं मी लिहून देतो, नाव नको. मग बोटीकडे बघत म्हणाले, "माझ्याकडे उत्तरं शिल्लक आहेत हो. विचारणारी नाही."

मला ह्यात काही वावगं वाटायला नको होतं. दोन लिहिणारी माणसं, धक्क्यावर माणसांची वर्दळ. पण त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मला वाटलं की आपण काहीतरी लपवून घरी नेणार आहोत. तरी मी कादंबरी त्यांना पाठवली, आणि सकाळी मास्तरांनी पुढचं पानभर लिहून पाठवलं. मी तिचं वाक्य पाठवायची, ते त्याचं पाठवायचे. कितीतरी महिन्यांनी माझ्या बाईला कुणी उत्तर देत होतं. मला आनंद झाला. तो झाला म्हणून मी घरी परतेपर्यंत कुणाशी धड बोलले नाही.

घरी आले तेव्हा हे सोप्यावर खुर्चीत बसले होते. मला बघून डावा हात वर केला. मग मोबाइलकडे बोट दाखवलं, म्हणजे वाच. मी म्हटलं, आधी चहा घेऊ. त्यांनी परत बोट दाखवलं.

मी बाकावर बसले आणि पूर्वीसारखं मोठ्याने वाचलं. "तुला माझा कंटाळा येतो का रे कधी?" एवढं वाचून नेहमीच्या सवयीने थांबले. मग जिथे ह्यांनी उत्तर द्यायचं तिथे मला मास्तरांचं उत्तर वाचावं लागलं. खरं ते सांगितलंही, की हे वेंगुर्ल्याच्या एका मास्तरांनी लिहिलंय, आणि तुम्ही हो म्हणालात तर कादंबरी ते पुरी करून देतील.

ह्यांनी ऐकून घेतलं. मग डाव्या हाताने माझ्या हातातला मोबाइल काढला, बाकावर पालथा घातला आणि माझं मनगट धरलं. तोंड उघडलं. आवाज आला. तो शब्द नव्हता, शब्दाचा तुकडाही नव्हता. परत आला. मी सवयीने म्हटलं, राहू दे, कळलं. त्यांनी मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

आतून नणंद आली. "पुरो आतां. कित्याक तरास दिता ताका?" असं मला म्हणाली. ह्यांनी तिला हातवारे करून आत घालवलं, आणि लगेच परत माझं मनगट धरलं. कपाळावर घाम आला होता. मान हलत होती, ओठ वेगवेगळे आकार घेत होते, मध्ये थांबत होते, दमत होते, पुन्हा सुरू होत होते. कधी आवाज चढायचा, कधी अगदी खाली यायचा. एक वाक्य नव्हतं ते. पुष्कळ होती. मला रडू आलं. मी म्हटलं, मला कळत नाही हो. त्यांनी मान डोलावली, कळत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

मोबाइल वाजला. मास्तरच होते. उजव्या हाताने मी तो कानाला लावला, डावा ह्यांच्या हातात होता. मास्तरांनी हळूच विचारलं, आवडलं का उत्तर त्यांना, पुढचा भाग लिहायला घेऊ का?

मी म्हटलं, "नको, मास्तर. त्यांचं अजून सांगून व्हायचंय."