शोकेसमधलं सीरम

रिक्षावाल्याचा हेतू चांगलाच होता. कोरमंगल्यात अण्णाच्या साठीशांतीची खरेदी करून आम्ही नवरा-बायको घरी परतत होतो. पिशव्या सांभाळत मी रिक्षाबाहेर एक पाय टाकला, तेवढ्यात तो माझ्या बायकोला म्हणाला, "अक्का, निधान, सांभाळून. ताताला स्वल्प हात द्या."

बायको अक्का, म्हणजे त्याची थोरली बहीण. मी ताता, म्हणजे आजोबा. आमच्या कैक पिढ्या बेंगळुरात गेल्या, पण नवरा-बायकोच्या मध्ये एका दमात दोन पिढ्या घुसवणारा हा पहिलाच. बायकोने खरोखरच हात दिला आणि जिना संपेपर्यंत हसत राहिली. "ताता, चपला इथं काढा. ताता, दम लागला का?"

एरवी मीही हसलो असतो. पण साठीशांत पुढच्याच महिन्यात होती आणि साठी माझी नव्हती. अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्याहून चांगला आठ वर्षांनी मोठा. तो जन्मभर ऑफिसात पंख्याखाली बसला. मी आमच्या हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर, भर उन्हात, गिऱ्हाइकांना पाइप मोजून दिले. त्याचे गाल अजून कॉलेजातले. माझा चेहरा म्हणजे पेटीतून थेट काढलेलं धोतर. सगळ्या गोतावळ्यासमोर मलाच थोरला समजले तर? या एका विचाराने मला जेवण जाईना. बरं, ते गेलं. पण चव लागली नाही.

मुलगी महादेवपुऱ्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिने एक इवलीशी बाटली आणून दिली. व्हिटॅमिन सी सीरम. खोक्यावर एक विशीतली पोरगी सुरकुत्या गेल्याच्या आनंदात हसत होती. तिला सुरकुत्या आल्या होत्या कधी, हे कुठं लिहिलं नव्हतं.

"अप्पा, रोज सकाळी तोंड धुऊन थोडे थेंब. वरून सनस्क्रीन. डाग फिके होतात, चेहऱ्यावर तजेला येतो, कोलॅजेन तयार व्हायला मदत होते. उन्हाचा मारही जरा कमी बसतो."

"आणि सुरकुत्या?"

"बारीक असतील त्या थोड्या कमी होतात. पण काही महिने लावावं लागतं."

"महिने? साठीशांत पुढच्या महिन्यात आहे!"

"मग मोठ्या काकांना सांगा, साठ व्हायचं जरा थांबा म्हणून. आणि बाटली अंधारात, गार जागी ठेवा."

मी दोन-तीन दिवस लावलं. पाण्यासारखं स्वच्छ, किंचित चिकट. मग बाटलीतली पातळी खाली गेलेली दिसली आणि माझ्यातलं घराणं जागं झालं. आमच्या घरात चांगली वस्तू वापरत नाहीत, राखतात. पाहुण्यांचे कप शोकेसमध्ये, सोफ्यावरचं प्लॅस्टिक सोफ्याइतकंच जुनं. मग इतक्या नाजूक बाटलीला न्हाणीघरात कोण ठेवणार? मी ती शोकेसमध्ये, पाहुण्यांच्या कपांशेजारी, कार्यासाठी राखून ठेवली. काचेतून तिच्यावर दुपारभर ऊन यायचं. फार शोभून दिसायची.

हळूहळू सीरम पिवळं झालं, मग चहासारखं. मी घाबरलो नाही, उलट खूश झालो. आईच्या हातचं लिंबाचं लोणचंही उन्हात ठेवून ठेवूनच काळपट व्हायचं, आणि जितकं काळं तितकं मुरलेलं. लिंबात तेच सी, बाटलीत तेच सी. मुरतंय, म्हटलं.

कार्याच्या सकाळी मी मुरलेलं सीरम हात सैल सोडून लावलं. राखलेलं कशासाठी होतं?

हॉलच्या दारात मुलीने माझ्याकडे पाहिलं. "अप्पा, हे काय? नवीन शर्टाची कॉलर पिवळी झालीय! बाटलीला ऊन लागलं का?"

"लोणच्याला दाखवतो तेवढंच."

"अहो, ते खराब झालंय! त्यात आता काही राहिलं नाही, नुसता रंग."

तो रंग मात्र कामसू निघाला. ज्या रेषा पुसायच्या होत्या, त्या त्याने एकेक करून तपकिरी रेखल्या. तोंड धुऊनही जाईना.

आत वहिनी पाटावर बसली होती, शेजारचा पाट रिकामा. भटजी बाहेरगावचे, आम्हाला न ओळखणारे. अण्णा आणि मी शेजारी शेजारी उभे होतो. भटजींनी आम्हा दोघांकडे नीट पाहिलं आणि माझा हात धरून मला वहिनीशेजारी बसवलं. अण्णाला म्हणाले, "तुम्ही धाकटे ना? जरा कलश सरकवा इकडे."

"अहो, हे माझे दीर!" वहिनी किंचाळली.

हॉल हसला. माझी बायको सर्वांत आधी आणि सर्वांत शेवटपर्यंत. मी उठलो आणि जाताजाता एका पोरसवदा नातेवाइकाने माझ्या पाया पडून घेतलं. काय करतो? आशीर्वाद दिला.

एकटा अण्णा हसला नव्हता. जेवणानंतर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "अरे, बसमध्ये मला कुणी जागा देत नाही. 'ब्रदर, सरका' म्हणतात. आज माझ्याच साठीला मला कलश उचलायला लावला. ती बाटली उरली असेल तर दे मला."

मी काळी बाटली त्याला दिली. मला मुलीने नवी आणून फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला, खोक्यात घालून ठेवली. रोज लावतो, वर सनस्क्रीन. काही महिने झाले. गालावरचे डाग खरंच फिके झालेत, तजेलाही जरासा आहे. सुरकुत्या बहुतेक तशाच, पण आता उजेडात दिसतात.

परवा अण्णा आणि मी रिक्षाने बाजारात गेलो. उतरताना रिक्षावाला दोघांनाही म्हणाला, "अंकल, निधान." अण्णाला ब्रदरवरून बढती, मला तातावरून सुटका. दोघेही फुगून घरी आलो. मी बायकोला सांगितलं.

"सरी, बरं झालं," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "आणि रिक्षावाला केवढा होता?"

मी आठवून पाहिलं. साठीच्या पुढचा असावा.