मुलुंड ते बोरिवली, इंजिन बंद न करता

रथसप्तमी म्हणजे हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, आणि आईला काहीही करून बोरिवलीला तिच्या थोरल्या बहिणीकडे जायचं होतं. आईचे गुडघे दुखतात, कुसुममावशीचेही; मावशी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. त्यामुळे वर्षभर दोघींची भेट फोनवरच. "हळूहळू चढेन, पण येईन," असं आईनं तिला कबूल केलं होतं. म्हणून मी रजा टाकली, आई ठेवणीतली साडी नेसली आणि मुलुंडच्या आमच्या सोसायटीत खाली येऊन मी किल्ली फिरवली. टक. पुन्हा टक. तीन आठवडे उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी पार मेली होती.

कारण समोरच बसलं होतं. डॅशबोर्डवरच्या गणपतीभोवती बाबांनी दिव्यांची इवलीशी माळ लावून घेतली आहे. तीही थेट बॅटरीला जोडून, म्हणजे गाडी बंद असली तरी माळ चालूच.

"देवापुढे अंधार नको," बाबा म्हणाले.

"मग आता सूर्यनारायणाचे सात घोडे मागवा आणि जुंपा!" आई फणकारली. डोळ्यांत मात्र पाणी. तिची ती साडी बघून मला बाबांचा मनापासून राग आला.

शेजारचे सावंतकाका स्वतःची गाडी पुढे लावून, त्यांच्या बॅटरीवरून आमची गाडी चालू करायची केबल घेऊन आले. वायरी जोडता जोडता माळ दिसलीच त्यांना. "देवाक चोवीस तास उजेड आणि गाडयेत काळोख! शाब्बास!" गाडी घरघरली, चालू झाली. काकांनी मला बजावलं, "आता तासभर तरी चालव. मध्ये बंद केलीस तर वाट लागली समज. आणि एसी लावू नको."

तर अशा प्रवासाला निघणाऱ्यांसाठी सूचना: टाकीत पेट्रोल आहे ना, ते आधी बघा. पंपावर इंजिन बंद करावंच लागतं. आमचा काटा नशिबानं अर्ध्यावर होता. घोडबंदरचा रस्ता सोडून आम्ही जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड धरला. पवईचा तलाव खिडकीतून छान दिसतो, गर्दी असेल तर जरा जास्तच वेळ दिसतो. प्रत्येक सिग्नलला गाडी बंद पडेल या भीतीनं मी रेस देत होते. शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला, "ताई, विमानतळ त्या बाजूला!" बाबा खो खो हसले. मी नाही हसले.

गोरेगावला हायवेच्या कडेला बाबा उतरून वडापाव घेऊन आले. तिघांनी चालू गाडीतच खाल्ले. चटणी झणझणीत होती, आणि त्यानंतर आईचा बाबांवरचा राग थोडा उतरला.

बोरिवलीत मावशीच्या फाटकाशी पोचलो आणि नवाच पेच पडला. तास उलटून गेला होता, तरी गाडी बंद करायचा मला धीर होईना, चालू सोडून जायचं नाही, आणि आईला तीन मजले चढवायला तर दोन्ही बाजूंनी बाबा आणि मी, दोघंही हवेत! मी मावशीच्या सुनेला फोन लावला. मागून मावशीचा आवाज आला, "मग मीच येते खाली."

"फाटकावर कुणी हळदीकुंकू करतं का? लोक काय म्हणतील!" आई म्हणाली. खाली फाटकाशी भेटणं केव्हाही जमलं असतं, पण या एका वाक्यापायी दोघी वर्षभर भेटल्या नव्हत्या.

दहा मिनिटांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मावशी जिन्यातून अवतरली. खुर्चीचे दोन पाय वॉचमनच्या हातात, दोन सुनेच्या. मांडीवर तबक. मावशी मागच्या सीटवर आईशेजारी बसली. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला. मग दोघींनी एकमेकींना वाण दिलं, तर दोघींचंही चहाचं गाळणं! हसून हसून मावशीला ठसका लागला.

मावशीला एका कानानं कमी ऐकू येतं. आई काहीतरी सांगत होती आणि ती सारखं "काय?" म्हणत होती. शेवटी आई मला म्हणाली, "बंद कर गं ते घरघरणारं."

"आणि परत चालू नाही झाली तर?"

"तर नाही झाली."

मी जीव मुठीत धरून किल्ली फिरवली. एकदम शांतता. मग दोघी जे बोलायला लागल्या, ते बाबांचा आणि माझा चहा, भजी आणि बाजारात चक्कर होईपर्यंत थांबल्या नाहीत.

ऊन कलल्यावर मी गाडीत बसले, गणपतीला हात जोडले आणि किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात चालू! मी आनंदानं मागे वळले, तर दोघींचे चेहरे पडलेले.

"हवी तेव्हा नाही बंद पडत मेली," मावशी पुटपुटली.

घरी आल्यावर बाबा गुन्हेगारासारखे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माळ काढायला निघाले. आईनंच अडवलं. "राहू द्या हो. देवापुढे अंधार नको."

मी आता स्वतःची केबल घेऊन डिकीत टाकली आहे. माळ अजून पेटलेली असते. आणि आई रोज सकाळी बाल्कनीतून खाली वाकून मला विचारते, "पडली का गं बंद?"